सहाचं वाचन

चपला सगळ्यात वरच्या पायरीवर होत्या, एकीला एक लावून, नदीकडे तोंड करून. पाऊस जोरात होता, तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. मी हाक मारली.

"हौसा!"

खालून नदीचा आवाज येत होता. दुसरा कसलाच नाही. चौकीतल्या घड्याळात सकाळचे साडेसहा झाले होते. ऑगस्टची चार तारीख.

मी पाच-सहा पायऱ्या उतरलो. पायऱ्यांवर गाळ होता आणि कडेचं गवत एका बाजूला झोपलं होतं. पाणी खाली पाचव्या पट्टीवर होतं. मी परत वर आलो, चौकीत गेलो आणि फळीवर पाहिलं. हातोडी जागेवर नव्हती. हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

मी तेव्हा सोनजाई नदीवर कातळवाडीच्या सरितामापन केंद्रात गेज रीडर होतो. काम सोपं. नदीच्या काठाला पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेनं लोखंडी खांब आणि त्यांवर एकेक मीटरच्या पट्ट्या. पाणी कोणत्या आकड्यावर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. त्याला वाचन म्हणतात. पावसाळ्यात दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. माणसं दोन हवीत, पण दुसरी जागा कधी भरली गेली नाही. म्हणून माझी बायको हौसा मला मदत करायची. वहीत सही माझी, पण निम्मी वाचनं तिची होती.

पट्ट्या सहा मीटरपर्यंतच होत्या. सातवी येणार येणार म्हणून नऊ वर्षं झाली होती. पाणी सहाच्या वर गेलं की हौसा वरून तिसऱ्या पायरीशी असलेल्या उंबराला पाण्याच्या रेषेवर खिळा मारायची. नीट दिसावा म्हणून खिळा सोड्याच्या बाटलीच्या पत्र्याच्या झाकणातून घालायची. पाणी उतरलं की आम्ही गवंड्याची पाण्याची नळी लावून खिळ्याची उंची मोजायचो. एक टोक तिच्या हातात उंबरापाशी, दुसरं माझ्या हातात पट्टीपाशी. उंची वहीत लिहिली की खिळ्याशेजारी रंगानं नंबर टाकायचा. ही पद्धत तिनंच काढली होती. खात्याला ती माहीत नव्हती.

त्या दिवशी दुपारपर्यंत गावातले पंधरा-वीस लोक आले. हौसाचा धाकटा भाऊ दिनकर खालच्या अंगाला असलेल्या मळेवाडीहून चालत आला. मग एक हवालदार आणि आमचे शाखा अभियंता साहेब आले. चौकीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाई कधी गेली?" हवालदारानं विचारलं.

"पाचनंतर कधीतरी."

"कशाला?"

"म्हस गाभण हाय. वरच्या माळाला बांधली व्हती. तिला बघाया गेली असंल."

"चपला न घालता?"

 साहेबांनी वही ओढून घेतली आणि बोटानं ओळ शोधली.

"सहाचं वाचन कोणी घेतलं?"

"मी."

"तीन चाळीस." साहेब दारात गेले आणि हवालदाराला पायऱ्या दाखवू लागले. "ती तुटकी पायरी दिसते का? सहा वाजता पाणी तिच्याही खाली होतं. तिथून वर सतरा पायऱ्या मोकळ्या."

"मग बाई बुडली कुठं?"

 हवालदारानं कागदावर 'बेपत्ता' लिहिलं. मला अक्षरं उलटी दिसत होती, तरी वाचता आली.

दिनकर मला बाहेर घेऊन गेला.

"दाजी, खरं सांगा. भांडला व्हता काय?"

"न्हाई."

"मग आक्का गेली कुठं?"

दुसऱ्या दिवशी नदी सावकाश चढत पाच नव्वदपर्यंत आली आणि तीन दिवस तिथंच राहिली. काठावर जी काही खूण असेल ती धुऊन गेली. वीस दिवस लोकांनी काठ शोधले. काही मिळालं नाही.

मग बोलणं सुरू झालं. वहीत पाणी तीन चाळीस होतं. शासनाची वही. तीन चाळीसमध्ये तर म्हशी डुंबतात. म्हणजे बाई बुडालेली नाही, गेलेली आहे. कुणी म्हणे मुंबईला, कुणी म्हणे एका ट्रकवाल्याबरोबर. मळेवाडीत तिच्या आईला पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय वो, लेकीचं पत्र आलं का?" म्हातारीनं पाणवठ्यावर जाणं सोडलं. दिनकरनं माझ्याकडे येणं सोडलं. दहावं-बारावं कुणी केलं नाही, कारण बेपत्ता माणसाचं करत नाहीत.

आणि मी पायऱ्या उतरणं सोडलं.

हे कुणाला कळलं नाही. मी चौकीत बसायचो, नदीकडे पाठ करून. तास व्हायचा, वही उघडायची आणि पेन हातात घ्यायचं. पहिल्या दिवशी मी मनानं आकडा लिहायला गेलो. लिहिण्याच्या आधीच पाठीमागून दारातून आवाज आला.

"तीन बासष्ट."

हौसा वाचन घेऊन वर आली की दारातूनच आकडा सांगायची, आत येईपर्यंत थांबायची नाही. आवाज तसाच होता. चढून आल्यावर लागलेला दमसुद्धा त्यात होता. मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं, उंबरठा कोरडा होता. मी तीन बासष्ट लिहिलं.

पुढच्या तासाला पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. रात्रीचे तास असले तरी चुकायचा नाही. मी भ्यायलो का? पहिले आठ दिवस भ्यायलो. नंतर मी तासाची वाट बघायला लागलो. आकड्याशिवाय ती दुसरं काही बोलायची नाही. मी विचारायचो, "हौसा, कुठं हायस?"  तासाला फक्त आकडा यायचा.

अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्याला, पुण्याच्या एका संस्थेतून डॉक्टर शमा तांबोळी आल्या. मूळच्या मिरजेच्या, तिशीच्या आसपास. पायात रबरी बूट, पाठीवर पोतं भरावं तशी भरलेली पिशवी. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, चहा मीच करते. तुमच्या बारा वर्षांच्या वह्या काढा."

"सगळ्या?"

"सगळ्या. तुमची नदी मी कॉम्प्युटरात घातलीय. ती खरी आहे का ते बघायला आलेय."

मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांनी समजावून सांगितलं. सोनजाईच्या खोऱ्यात चार ठिकाणी पाऊस मोजतात. कुठे किती पडला ते सांगितलं की त्यांचं मॉडेल कातळवाडीला कोणत्या तासाला किती पाणी येईल ते काढतं. डोंगर किती उताराचा, माती किती पाणी पिते, ओढे किती, सगळं त्यात आहे.

"पण ते बरोबर सांगतंय हे कशावरून?" मी विचारलं.

"म्हणून तर परीक्षा. बारा वर्षांतली सहा वर्षं मी मॉडेलला शिकवायला दिली. बाकीची सहा कुलपात ठेवली. त्यातला नुसता पाऊस द्यायचा आणि विचारायचं, सांग नदी किती चढली? मग कुलूप काढून तुमची वही बघायची."

"म्हणजे शाळेतल्यासारखी."

"तशीच. फक्त यात पेपर नक्की कुणाचा तपासला जातोय ते आधी कळत नाही." त्या हसल्या. मी हसलो नाही.

दोन दिवस त्या वह्या आणि त्यांचे कागद शेजारी ठेवून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक लांब कागद जमिनीवर पसरला. त्यावर दोन रेघा होत्या.

"निळी मॉडेलची, काळी तुमची. हे जुनं वर्ष बघा. एक दहा, एक वीस, एक तीस. रात्री दोनपासून पाचपर्यंत एकसारखं दहा-दहा. नदी अशी जिन्यानं चढत नाही, काका. कुणीतरी झोपलं होतं."

माझे कान गरम झाले.

"जाऊ द्या, सगळीकडं असतं. मी रागवायला आलेली नाही. गंमत पुढं आहे. ही शेवटची तीन वर्षं बघा."

मी पाहिलं. तिथं एकच रेघ होती.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "एकीवर एक पडल्यात. ही वर्षं मॉडेलनं पाहिलेली नाहीत. आणि मॉडेल काय सांगतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. तरी फरक चार सेंटिमीटरच्या वर कधी जात नाही. मी सात नद्यांवर हे काम केलंय, असं कुठं झालं नाही. खूश व्हायला पाहिजे ना मी?"

"व्हा की."

"नाही होता येत. इतकं जुळलं की आम्हाला भीती वाटते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, काल मी पायऱ्या उतरले. शेवाळ बोटभर जाड आहे. त्यावर माझ्या बुटांशिवाय एकही खूण नाही. तुम्ही खाली जातच नाही."

 त्यांनी आवाज चढवला नाही.

"मग आज एक करू या. मी खाली पट्टीपाशी बसते. दर तासाला बघून माझ्या वहीत लिहीन. तुम्ही इथं तुमच्या वहीत लिहा. माझी वही तुम्ही बघायची नाही, तुमची मी. संध्याकाळी ताडून बघू."

सकाळी नऊपासून त्या छत्री घेऊन खाली बसल्या. मी नेहमीच्या जागी बसलो. नऊ वाजले.

"दोन एक्क्याऐंशी."

लिहिलं. दहाला दोन अठ्ठ्याऐंशी. अकराला दोन त्र्याण्णव. पाऊस मध्ये थांबला, पुन्हा आला. मॅडम जेवायलाही वर आल्या नाहीत. बिस्किटाचा पुडा घेऊन गेल्या होत्या.

पाचनंतर त्या चिखलानं भरलेल्या वर आल्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. नऊ वाचनं. त्यांनी पेन्सिलीनं एकेक ताडलं. आठ तंतोतंत जुळली. दोनच्या वाचनात एक सेंटिमीटरचा फरक होता.

"दोनला लाट होती," त्या हळू म्हणाल्या. "तिथं मीच चुकले असणार."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग दाराकडे पाहिलं.

"कुठून येतो आकडा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "हौसा सांगते."

हौसा कोण ते त्यांना गावात कळलेलं असणार. त्यांनी 'म्हणजे?' असं विचारलं नाही. हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत.  त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला.

"हा मी तुम्हाला दाखवणार नव्हते. गावात ऐकलं त्यानंतर तर नाहीच. पण बघा."

चार ऑगस्टचा कागद होता. काळी रेघ माझी. पाचला तीन दहा, सहाला तीन चाळीस, सातला चार शून्य पाच, आठला तीन पंचाण्णव. निळी रेघ पाचपर्यंत माझ्याबरोबर चालत होती. तिथून ती एखादं बोट वर करावं तशी सरळ उभी राहिली होती आणि सातपर्यंत पुन्हा खाली येऊन मला मिळाली होती. बोटाच्या टोकाला आकडा होता. सहा दहा.

"बारा वर्षांतली सगळ्यात मोठी चूक ही एक आहे," मॅडम म्हणाल्या. "पावणेतीन मीटरची. वर घाटात त्या पहाटे दोन तासांत एकशे चाळीस मिलिमीटर पाऊस नोंदलाय. आमचे सर म्हणतात, तिथलं यंत्र बिघडलं असणार. तो पाऊस गाळा आणि मॉडेल वहीशी जुळवून घ्या."

"मग घ्या की."

"कुलपातली वर्षं बघून मॉडेल जुळवायचं म्हणजे पेपर फोडून परीक्षेला बसायचं. आणि तसं केलं तर मॉडेल संथ होईल. उद्या तसा पाऊस पुन्हा पडला तर ते मळेवाडीला सांगेल, तीन तास आहेत, सावकाश निघा."

"आणि खरं?"

"मॉडेल खरं असेल तर पाऊण तास. वही खरी असेल तर तीन." त्या थांबल्या. "मळेवाडीत चाळीस घरं आहेत ना, काका?"

मळेवाडीत हौसाचं माहेर होतं. मी मान हलवली.

"त्या तुम्हाला प्रत्येक तासाचं सांगतात. मग त्यांना चार ऑगस्टचं सहाचं विचारा."

तीन वर्षांत हे मी विचारलं नव्हतं. विचारावं असं मनात आलं नव्हतं असं नाही. आलं की मी उठून म्हशीकडे जायचो.

"विचारायला नको," मी म्हणालो. "मला ठाऊक आहे. तीन चाळीस खोटं आहे."

मग मी सांगितलं. त्याआधी कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी चार तास वाचनं घेतली होती. पाचचं घेऊन आडवा झालो. हौसा उठली. म्हणाली, "सहाचं मी बगून येतो." आमच्या भागात बायका स्वतःबद्दलही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. मी म्हणालो, "कशाला पावसात जातीस? पाचचं तीन दहा हाय, सहाचं तीन चाळीस लिवतो. झालं." आणि खरंच उठून लिहिलं. सहा वाजायच्या आधी. तिनं ते पाहिलं. इरलं घेतलं आणि गेली.

मला डोळा लागला. किती वेळ गेला माहीत नाही. ती दारात उभी होती, नखशिखांत भिजलेली.

"अवो, उठा. नदी शेवटच्या पट्टीच्या वर गेलीया."

"काहीतरीच. आत्ता तीनावर व्हती."

"मी माज्या डोळ्यांनी बगितली. उंबराच्या मुळ्या पाण्यात हाईत. ती ओळ खोडा."

"वहीत खाडाखोड चालत न्हाई. साहेब काय म्हणंल? सातच्या वाचनाला काय ते लिवू. झोप गप."

त्यावर ती हसली. चिडली की हसायची.

"तुमी नदीला बी झोप म्हणाल. थांबा, खिळा मारून येतो. मग खोडाल का न्हाई ते बगतो."

फळीवरून हातोडी उचलल्याचा आवाज मी ऐकला. कूस बदलली. बास. एवढंच झालं.

"तुम्ही उठला असता तर—" मॅडम बोलल्या आणि थांबल्या.

"हवालदारानं विचारलं तेव्हा सांगता आलं असतं," मी म्हणालो. "पण साहेबांच्या हातात वही होती. वाचन कोणी घेतलं, म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हणालो, मी. एकदा म्हणालो ते म्हणालो. त्या आकड्यामुळं ती पळून गेलेली बाई ठरली."

बाहेर पाऊस थांबला होता. उजेड अजून चांगला होता. मॅडम म्हणाल्या, "विचारा तरीही. तुमच्या तोंडचं मी लिहू शकत नाही. त्यांच्या तोंडचंही नाही. पण विचारा."

मी पेन हातात घेतलं, वहीचं ते जुनं पान उघडलं आणि दाराकडे पाठ केली. म्हणालो, "हौसा, चार तारखेचं सहाचं."

दारातून काही आलं नाही. मी वाट बघितली. मग खालून आवाज आला.

टक्. टक्.

मॅडमनी मान वर केली. "कुणी लाकूड फोडतंय का?"

केंद्राच्या आसपास दोन किलोमीटरमध्ये घर नाही.

टक्. टक्. टक्.

पाच झाले आणि थांबले. सहाव्याची वाट बघत आम्ही दोघं बसलो. हौसा खिळा मारायची तेव्हा नऊ-दहा घाव घालायची, उंबराचं लाकूड वरून मऊ असलं तरी. सहावा आला नाही.

मी उठलो. तीन वर्षांनी पहिल्यांदा पायरीवर पाय ठेवला. पाय घसरत होता. मॅडमनी मागून माझा दंड धरला होता. तीनच पायऱ्या. उंबरापाशी कुणी नव्हतं.

खोडावर अकरा खिळे असायला हवे होते. प्रत्येकाशेजारी पांढरा नंबर, एक ते अकरा, माझ्या हातचे. मी बोटानं मोजत गेलो. नदीच्या बाजूला, नंबर चार आणि नंबर सातच्या मध्ये, बारावा होता. त्याच्याशेजारी नंबर नव्हता. झाकण गंजून तांबडं झालं होतं. बाकीचे सगळे झाकणापर्यंत घट्ट बसलेले. हा अर्धाच आत होता. डोक्याकडे थोडा वाकलेला.

मॅडमनी त्याला हात लावला नाही. मीही नाही.

त्या म्हणाल्या, "हा सहाच्या वर आहे. डोळ्यांनी दिसतंय. पण डोळ्यांचा अंदाज मी नोंदवणार नाही. माझ्याकडे उंची मोजायचं लेव्हल यंत्र आहे जीपमध्ये. मोजू या?"

"राहू द्या."

"काका—"

"केंद्राचं वाचन केंद्राच्या माणसानं मोजायचं. मी मोजतो."

त्यांनी आग्रह केला नाही. वर आलो. मी तीन चाळीसवर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. दोन पानांचा जबाब लिहिला. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, "त्या तासाची जागा मी रिकामी ठेवते. रिकामी जागा चालते, खोटी चालत नाही." मग म्हणाल्या, "तुमची शेवटची तीन वर्षंही मला घेता यायची नाहीत. आकडे बरोबर असले तरी. ती वाचनं कुणी घेतली ते मला लिहिता येत नाही."

"मग मॉडेल नापास?"

"नाही. तुमची खाडाखोड झाल्यावर त्याच्या विरुद्ध पुरावा उरत नाही. घाटातला पाऊस मी गाळू देणार नाही. बाकी परीक्षा नव्या पावसाळ्यांवर घेऊ. मी दुसरं माणूस नेमायला सांगते."

पुढचं थोडक्यात सांगतो. माझी चौकशी झाली, दोन वेतनवाढी गेल्या, आणि वाचनाच्या कामावरून काढून मला त्याच केंद्रावर चौकीदार केलं. हवालदाराच्या कागदावरचं 'बेपत्ता' बदलायला दीड वर्ष लागलं. मळेवाडीत भोंगा बसला. सहा वर्षांनी तसाच पाऊस आला तेव्हा भोंगा वाजला आणि पन्नास मिनिटांनी पाणी आलं. माणसं तोवर देवळाच्या माळावर होती.

दिनकर एकदा आला. मी सगळं सांगून झाल्यावर तो एकटाच पायऱ्या उतरला. खिळ्यावर अंगठा ठेवून उभा राहिला.

"आक्काचा हात जड व्हता," तो म्हणाला. "अर्ध्यात सोडायची न्हाई ती."

नदीकाठी त्यांनी तिचं दहावं केलं, मळेवाडीत. जाताना दिनकर म्हणाला, "दाजी, तुमी येऊ नगा." मी गेलो नाही. त्यानंतर तिच्या आईला पत्राचं कुणी विचारलं नाही, असं ऐकलं.

त्या पाच घावांनंतर मला आकडा कधी ऐकू आला नाही. पहिले काही महिने मी तासाला दाराकडे पाठ करून बसायचो. मग नवीन गेज रीडर म्हणाला, "काका, तिथं बसू नका, मला जायला-यायला वाट राहत नाही."

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. केंद्रावर आता यंत्र आहे, ते आपोआप आकडा पाठवतं. पट्ट्या काढून टाकल्या, फक्त सहा मीटरचा खांब ठेवला आहे, मी अर्ज केला होता म्हणून. शमा मॅडम आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. दर जूनमध्ये त्यांचा फोन येतो.

"काका, मोजलं का?"

"ह्या वर्षी मोजतो."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात. उंबर वाढतोय. साल खिळ्याला गिळेल."

खरं आहे ते. परवा जाऊन पाहिलं. खिळा दिसत नाही, झाकणाची एक कड तेवढी दिसते. वहीतलं ते पान माझ्याकडे नाही, पण त्यांच्याकडे त्या तासाची जागा अजून रिकामीच आहे.

पाण्याची नळी मी तालुक्याहून नवी आणून ठेवली आहे. पण ती एकट्यानं लावता येत नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतं. ते हौसा धरायची. खिळा मोजायचा राहिला आहे.